संगणकाधारित हवाई संरक्षण : लेस अर्नेस्ट यांचा आक्षेप आणि आजचा अनुभव

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन घटना घडल्या. उपग्रहाधारित पद्धतीने धावपट्टी क्रमांक १० कडे येणाऱ्या काही विमानांना आपल्या स्थानाविषयी चुकीची माहिती मिळू लागली. बनावट संकेत पाठवून जीपीएस यंत्राची दिशाभूल करण्याच्या या प्रकाराला स्पूफिंग असे म्हणतात. त्याच सुमारास, ६ आणि ७ नोव्हेंबर रोजी, उड्डाणांचे आराखडे हवाई वाहतूक नियंत्रकांपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या संदेश प्रणालीत बिघाड झाला. नियंत्रकांना हे काम हाताने करावे लागले आणि आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. दोन्ही प्रसंगी जीवितहानी झाली नाही. तथापि, माहिती खोटी मिळू लागली किंवा मिळायचीच थांबली तर संगणकावर विसंबलेल्या यंत्रणेचे काय होते, हा प्रश्न या घटनांनी सर्वसामान्य प्रवाशांपर्यंत आणून पोचवला.

हा प्रश्न नवा नाही. संगणक आणि विमान यांची सांगड पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घातली गेली, त्या काळातच तो उपस्थित झाला होता. ज्या थोड्या लोकांनी पुढे तो उघडपणे आणि सातत्याने मांडला, त्यांत लेस अर्नेस्ट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. अमेरिकी नौदलातील अधिकारी म्हणून सेवेची सुरुवात करून नंतर प्रोग्रॅमर झालेल्या अर्नेस्ट यांचे २०२४ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले. संगणकाच्या इतिहासात त्यांची ओळख वेगळ्याच कारणांसाठी आहे. शब्दांचे स्पेलिंग तपासणारा सुरुवातीच्या काळातील एक प्रोग्रॅम त्यांनी १९६१ च्या सुमारास तयार केला. संगणकावर कोण काम करत आहे हे इतरांना कळावे यासाठी १९७१ मध्ये त्यांनी लिहिलेला ‘फिंगर’ हा प्रोग्रॅम पुढे अनेक वर्षे वापरात होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे कार्यकारी अधिकारी म्हणूनही त्यांनी काम केले. मात्र हवाई संरक्षणाविषयी त्यांनी व्यक्त केलेली मते अधिक बोचरी आहेत आणि सध्याच्या परिस्थितीत ती पुन्हा वाचण्याजोगी आहेत.

अर्नेस्ट यांनी १९५३ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते नौदलात दाखल झाले. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सव्हिल येथे नौदलाचे विमानविषयक संशोधन केंद्र होते. तेथे त्यांची नेमणूक डिजिटल संगणक प्रकल्पावर झाली आणि प्रोग्रॅम लिहिण्याची सुरुवातही तेथेच झाली. १९५६ मध्ये नौदलाची सेवा संपवून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत गेले. त्या वेळी जगातील सर्वांत मोठा संगणक प्रकल्प या प्रयोगशाळेत आकार घेत होता. त्याचे नाव ‘सेज’.

सेजचा उगम भीतीतून झाला, असे म्हटल्यास ते चुकीचे ठरणार नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची पहिली चाचणी केली. अमेरिकेच्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानाची नक्कल करून बनवलेली विमाने सोव्हिएत संघाकडे होतीच. उत्तर ध्रुवावरून अशी विमाने आली तर त्यांना वेळेत कसे ओळखायचे आणि कोणत्या विमानतळावरून कोणते लढाऊ विमान त्यांच्यावर पाठवायचे, या प्रश्नाला तोपर्यंत समाधानकारक उत्तर नव्हते. रडारवरील ठिपके पाहून टेलिफोनवरून आकडे सांगायचे आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने ते मोठ्या नकाशावर मांडायचे, ही दुसऱ्या महायुद्धातील पद्धत जेट विमानांच्या वेगापुढे अपुरी पडत होती. एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक तयार होत होता. विशेष म्हणजे, १९४४ मध्ये हा प्रकल्प नौदलाच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारे यंत्र बनवण्यासाठी सुरू झाला होता. संगणकाने तत्क्षणी उत्तर द्यावे, ही अपेक्षा विमानविद्येतून आली, हे यावरून स्पष्ट होते. याच व्हर्लविंडच्या आधारे हवाई संरक्षणाची नवी यंत्रणा उभी करण्याचे ठरले.

या यंत्रणेची भव्यता आजही थक्क करणारी आहे. अनेक रडारकडून आलेली माहिती टेलिफोनच्या तारांवरून नियंत्रण केंद्रात येई. तेथील संगणक ती एकत्र करून आकाशाचे एकच चित्र पडद्यावर दाखवत असे. पडद्यासमोर बसलेला अधिकारी हातातील प्रकाशसंवेदी उपकरण एखाद्या ठिपक्यावर रोखून त्या विमानाविषयी माहिती मागवू शकत असे. आयबीएम कंपनीने बनवलेल्या या संगणकाचे वजन सुमारे २५० टन होते आणि त्यात पन्नास हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रत्येक केंद्रात असे दोन संगणक असत. एक काम करी आणि दुसरा सज्ज राही. न्यू जर्सीतील मॅकग्वायर हवाई तळावरील पहिले केंद्र जुलै १९५८ मध्ये कार्यान्वित झाले. पुढील काही वर्षांत अमेरिका आणि कॅनडात मिळून वीसहून अधिक केंद्रे उभी राहिली. अब्जावधी डॉलर खर्च झाले. शेवटची केंद्रे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस बंद झाली.

अर्नेस्ट या प्रकल्पात लढाऊ विमाने आणि क्षेपणास्त्रे यांच्या मार्गदर्शनाशी संबंधित भागावर काम करत होते. म्हणजे शत्रूचे विमान कोठे आहे हे कळल्यावर आपल्या विमानाने कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जावे, याचे गणित संगणकाकडून करून घेण्याचे काम. त्यामुळे त्यांची टीका ही दुरून पाहणाऱ्याची नाही. ज्याने ते यंत्र आतून पाहिले, त्यासाठी वेतन घेतले आणि ते चालवणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर बैठका केल्या, अशा माणसाची ती साक्ष आहे.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, सेज शांततेच्या काळात उत्तम चालणारी आणि युद्धात न चालणारी हवाई संरक्षण यंत्रणा होती. कारण साधे होते. हल्ला करणारे विमान रडारला निष्प्रभ करण्याचा प्रयत्न करणारच. त्याच्या लहरींवर जोरदार गोंगाट सोडणे, धातूच्या पट्ट्या टाकून हजारो खोटे ठिपके निर्माण करणे, हे उपाय दुसऱ्या महायुद्धातच वापरात आले होते. बातम्यांच्या भाषांतरात ‘जॅमिंग’ या शब्दासाठी आपण कधी ‘व्यत्यय’ तर कधी ‘अडथळा’ असे लिहितो. या दोन्ही शब्दांत त्या कृतीतील आक्रमकता हरवते. यात रडार आंधळे होत नाही. त्याला इतके काही दिसू लागते की त्यातले खरे कोणते ते कळेनासे होते. जुन्या पद्धतीत पडद्यासमोर बसलेला अनुभवी माणूस या गोंगाटातून काही ना काही निवडून काढू शकत असे. सेजमध्ये रडारची माहिती आधी आकड्यांत रूपांतरित होऊन, गाळून, मगच संगणकाकडे जात असे. त्यामुळे गोंगाट वाढला की संगणकापुढे ठिपक्यांचा पूर येई, किंवा तो रोखण्यासाठी गाळणी घट्ट करावी तर खरे विमानही गाळले जाई. यंत्रणेची जी प्रात्यक्षिके लोकप्रतिनिधींना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना दाखवली जात, त्यांत विमाने मात्र सरळ, ठरलेल्या मार्गाने आणि कोणताही गोंगाट न करता येत असत, असे अर्नेस्ट यांनी लिहिले आहे.

त्यांचा दुसरा आक्षेप केंद्रांच्या जागेविषयी होता. ही केंद्रे जाड काँक्रीटच्या, पण जमिनीवरच्या इमारतींत होती आणि त्यांतील काही तर अण्वस्त्रवाहू बॉम्बफेकी विमानांच्या तळांवरच उभारलेली होती. जो तळ शत्रूच्या यादीत सर्वांत वर असणार, त्याच्याच आवारात त्या तळाचे रक्षण करणारा मेंदू ठेवण्यामागचे तर्कशास्त्र अर्नेस्ट यांना कधी उमगले नाही. भूमिगत केंद्रे उभारण्याची योजना होती, परंतु ती १९६० मध्ये रद्द झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेल्यानंतर तर आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे युग सुरू झाल्याचे सर्वांनाच दिसत होते आणि क्षेपणास्त्र अडवण्याची क्षमता सेजमध्ये मुळीच नव्हती. तरीही बांधकाम चालू राहिले. अमेरिकी हवाई दलाला पुढे सेजची केंद्रे नष्ट झाल्यास उपयोगी पडावी म्हणून आणखी एक पर्यायी यंत्रणा उभारावी लागली. मूळ यंत्रणेवरील विश्वासाविषयी यापेक्षा अधिक बोलके काय असू शकते?

अर्नेस्ट यांनी सेजला फसवणूक म्हणण्यापर्यंत मजल मारली. येथे त्यांच्याशी सर्वस्वी सहमत होणे कठीण आहे. सेजने प्रत्यक्ष युद्ध कधी पाहिले नाही, त्यामुळे ते निष्प्रभ ठरले असते हेही सिद्ध झालेले नाही आणि ते यशस्वी झाले असते हेही. शिवाय या प्रकल्पातून जे बाहेर आले ते नाकारता येत नाही. संगणकाची चुंबकीय स्मृती, टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवणारे मोडेम, पडद्यावर पाहून यंत्राशी संवाद साधण्याची पद्धत, हे सारे सेजच्या निमित्ताने विकसित किंवा परिपक्व झाले. आयबीएमने या अनुभवाच्या बळावर अमेरिकन एअरलाइन्ससाठी ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात उभी केली. आज देशातील कोणत्याही शहरातून विमानाचे तिकीट काढणारा प्रवासी नकळत त्याच परंपरेचा लाभ घेत असतो. शत्रूला थांबवण्यासाठी खर्च झालेला पैसा प्रवाशांच्या सोयीसाठी उपयोगी पडला, हा इतिहासातील योगायोग म्हणावा लागेल. पण संरक्षणाच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब संरक्षणातच द्यायला हवा, हे अर्नेस्ट यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही.

त्यांच्या आक्षेपाला काही प्रमाणात दुजोरा देणारा पुरावा मात्र उपलब्ध आहे. १९६०, १९६१ आणि १९६२ मध्ये ‘स्काय शील्ड’ नावाचे विशाल हवाई सराव झाले. त्यासाठी उत्तर अमेरिकेतील नागरी विमान वाहतूक काही तास पूर्णपणे थांबवण्यात आली होती. १९६१ च्या सरावात तर सुमारे बारा तास. ब्रिटिश हवाई दलाच्या आठ व्हल्कन विमानांनीही त्या वर्षी हल्लेखोराची भूमिका केली आणि जॅमिंगचा मुक्त वापर केला. सराव संपल्यावर जनतेला आश्वस्त करणारी निवेदने प्रसिद्ध झाली. अहवाल मात्र १९९७ पर्यंत गोपनीय राहिले. ते खुले झाले तेव्हा असे दिसून आले की, खालून उडणाऱ्या विमानांपैकी जवळजवळ निम्मी रडारला सापडलीच नव्हती, सापडलेल्यांपैकीही अनेक विमाने उंची किंवा रचना बदलून निसटली होती आणि एकंदर हल्लेखोरांपैकी फार तर एक चतुर्थांश विमाने अडवली गेली असती. हा दोष एकट्या संगणकाचा नव्हता. रडार, लढाऊ विमाने, माणसे या सर्वांचाच त्यात वाटा होता. परंतु जी गोष्ट नागरिकांना पस्तीस वर्षांनी कळली, ती संबंधितांना तेव्हाच कळली होती.

सेजच्या आदेशाने सुटणाऱ्या ‘बोमार्क’ या विमानवेधी क्षेपणास्त्राची हकिगत याहून गंभीर आहे. बोमार्कवर अण्वस्त्र बसवलेले असे. ते शेडमध्ये आडवे ठेवलेले असे आणि आदेश मिळताच उभे होऊन झेपावत असे. या यंत्रणेच्या सुरक्षिततेची तपासणी करण्याच्या कामात अर्नेस्ट सहभागी होते. चाचणीच्या स्थितीत पाठवलेले सुटण्याचे आदेश पूर्णपणे पुसले जाण्याआधी कोणी स्विच चाचणीवरून प्रत्यक्ष कार्यवाहीवर नेला, तर तळावरील सज्ज क्षेपणास्त्रे खरोखरीच सुटू शकतील, असा दोष आढळल्याचे त्यांनी नमूद केले आहे. दोष दुरुस्त करण्यात आला. यंत्र ज्याने बनवले त्याने चाचणी आणि कार्यवाही या दोन वेगळ्या अवस्था मानल्या होत्या. मधला क्षण कोणी विचारातच घेतला नव्हता. जून १९६० मध्ये मॅकग्वायरजवळील बोमार्क तळावर वेगळ्याच कारणाने आग लागली आणि एका क्षेपणास्त्रावरील अण्वस्त्र जळाले. अणुस्फोट झाला नाही, पण परिसर प्लुटोनियमने दूषित झाला. तेव्हा अशा शक्यता केवळ कागदोपत्री नव्हत्या.

नियम आणि नोंदी यांच्या भाबडेपणाविषयी अर्नेस्ट यांना लहानपणापासूनच अनुभव होता. वयाच्या बाराव्या वर्षी, महायुद्धाच्या काळात, त्यांनी आणि एका मित्राने गंमत म्हणून सांकेतिक लिपी तयार केली. तिची किल्ली चष्म्याच्या डबीत ठेवली होती. ती डबी सॅन डिएगोच्या ट्रॅममध्ये हरवली. सापडणाऱ्याने ती एफबीआयकडे दिली आणि जपानी हेर असावा या संशयाने तपास सुरू झाला. अनेक आठवड्यांच्या खटाटोपानंतर तपास अधिकारी एका शाळकरी मुलाच्या दारात येऊन उभे राहिले. काही वर्षांनी नौदलाच्या प्रयोगशाळेत उन्हाळी नोकरीसाठी अर्ज भरताना, आपली एफबीआयने कधी चौकशी केली आहे का, या प्रश्नापुढे त्यांनी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले. तेथील सुरक्षा अधिकाऱ्याने तो अर्ज फाडून टाकला आणि ही बाब वगळून नवा अर्ज भरण्यास सांगितले. तसे केल्यावर मंजुरी विनासायास मिळाली. पुढे एका अर्जात वंशाच्या रकान्यात त्यांनी संकरित कुत्र्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘माँग्रेल’ हा शब्द लिहिला होता. आपल्याकडील सरकारी अर्जांची सवय असलेल्यांना या हकिगती परक्या वाटू नयेत. यंत्रणेला सत्यापेक्षा रकाना भरलेला हवा असतो, हे त्यांना फार लवकर कळले होते.

सेजनंतरच्या काळाविषयीचे त्यांचे मत अधिक व्यापक आहे. सेज यशस्वी झाल्याचा समज पसरल्यामुळे अमेरिकी सैन्यदलाच्या जवळजवळ प्रत्येक शाखेला स्वतःची ‘आदेश आणि नियंत्रण’ प्रणाली हवीशी झाली. सेनापतीने वरून मागणी करायची, कंत्राटदाराने शेकडो पानांचा तपशील लिहायचा, तो गोठवायचा आणि मग वर्षानुवर्षे त्यानुसार प्रोग्रॅम लिहीत राहायचे, अशी पद्धत रूढ झाली. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला काय हवे आहे ते शेवटी, म्हणजे बहुधा उशिरा, कळे. या पद्धतीचे मूळही सेजमध्येच शोधले जाते. हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ मध्ये सेजच्या अनुभवावर सादर केलेला निबंध टप्प्याटप्प्याने प्रोग्रॅम तयार करण्याच्या शास्त्राचा आरंभ मानला जातो. बेनिंग्टन यांनीच १९८३ मध्ये त्या निबंधाला नवे प्रास्ताविक लिहून सांगितले की, सेजचा खरा प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी आपण एक छोटा प्रायोगिक नमुना चालवून पाहिला होता. अनुकरण करणाऱ्यांनी टप्पे उचलले, नमुना विसरले.

चाचणीची परिस्थिती आणि संकटाची परिस्थिती यांतील अंतर किती घातक ठरू शकते, याचे नागरी विमान वाहतुकीतील सर्वांत वेदनादायक उदाहरण म्हणजे बोईंग ७३७ मॅक्स. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाचा कप्तान दिल्लीचा होता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानातील १५७ जणांचा बळी गेला. त्यांत चार भारतीय होते. दोन्ही विमानांत नाक किती वर आहे हे सांगणाऱ्या एकाच संवेदकाकडून चुकीचा आकडा आला आणि त्यावर विसंबून एमकॅस नावाचा प्रोग्रॅम विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली ढकलत राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१९ मध्ये केलेल्या शिफारशींत एक महत्त्वाची बाब निदर्शनास आणली. असा बिघाड झाल्यास वैमानिक त्वरित योग्य कृती करील, हे कंपनीने गृहीत धरले होते. परंतु त्याच वेळी कॉकपिटमध्ये एकापाठोपाठ एक इतर इशारेही वाजत असतील, तर वैमानिकाची प्रतिक्रिया काय असेल, याचा विचार त्या मूल्यमापनात पुरेसा झाला नव्हता. सिम्युलेटरमध्ये बिघाड एकटा येतो. आकाशात तो गोंगाट घेऊन येतो. अर्नेस्ट यांनी रडारविषयी जे म्हटले, तेच येथे वैमानिकाच्या बाबतीत घडले. भारतात या विमानांवरील बंदी मार्च २०१९ मध्ये लागू झाली आणि आवश्यक बदलांनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये उठली.

आता दिल्लीकडे पुन्हा वळू. जीपीएसच्या बाबतीत भारताचा अनुभव एका धावपट्टीपुरता मर्यादित नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएसमधील व्यत्यय आणि स्पूफिंगच्या ४६५ घटनांची नोंद झाल्याची माहिती सरकारने मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिली होती. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हे पुण्याचे खासदार असल्याने मराठी वृत्तपत्रांतही तिला स्थान मिळाले. १ डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीतील घटनांची पुष्टी राज्यसभेत झाली. जमिनीवरील रेडिओ साधनांच्या मदतीने उतरणाऱ्या विमानांना अन्य धावपट्ट्यांवर कोणताही त्रास झाला नाही, हेही त्या उत्तरातून स्पष्ट झाले. उपग्रह उपलब्ध नसताना उपयोगी पडावे म्हणून पारंपरिक साधनांचे किमान जाळे भारताने कायम ठेवले आहे. नवे तंत्र आल्यावर जुने मोडीत काढण्याचा मोह मोठा असतो आणि देखभालीचा खर्चही खरा असतो. अनेक देशांत अशी रेडिओ केंद्रे कमी करण्यात आली आहेत. त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय शहाणपणाचा ठरला, असे म्हणता येईल.

संदेश प्रणालीच्या बिघाडाविषयी मात्र इतके समाधान व्यक्त करता येत नाही. नियंत्रकांनी हाताने काम केले आणि विमाने सुखरूप उतरवली, हे त्यांच्या कौशल्याचे द्योतक आहे. परंतु हाताने काम करण्याची पद्धत किती वाहतुकीसाठी पुरेल, याची चाचणी जर प्रत्यक्ष बिघाडाच्या दिवशीच होत असेल, तर ती चाचणी प्रवाशांच्या खर्चाने झाली, असा त्याचा अर्थ होतो. देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळावर वर्षातून काही तास कमी वाहतुकीच्या वेळी संगणक मुद्दाम बाजूला ठेवून सराव करणे अशक्य नसावे.

लष्करी क्षेत्रात सेजचे वारसदार भारतातही आहेत. हवाई दलाची एकात्मिक हवाई आदेश व नियंत्रण प्रणाली आणि भूदलाची ‘आकाशतीर’ या दोन्हींमध्ये अनेक रडारची माहिती एकत्र करून एकच चित्र उभे करण्याचे तत्त्व आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने त्या विकसित केल्या आहेत. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात पाकिस्तानकडून आलेले ड्रोन आणि क्षेपणास्त्रे निष्प्रभ करण्यात हवाई संरक्षणाच्या या जाळ्याचा मोठा वाटा असल्याचे सरकारने जाहीर केले. अर्नेस्ट यांच्या कसोटीवर पाहिल्यास ही बाब वेगळ्या मोलाची आहे. सेजच्या वाट्याला प्रत्यक्ष शत्रू कधी आलाच नाही, या यंत्रणेच्या वाट्याला तो आला. तरीही काही दिवसांच्या एका संघर्षावरून सर्व प्रकारच्या जॅमिंगला ती पुरून उरेल असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रतिस्पर्धीही त्या दिवसांतून शिकला असणार. यंत्रणेत काय उणे आढळले याचा तपशील जाहीर होणे अपेक्षित नाही आणि तसे होऊही नये. प्रश्न इतकाच उरतो की, तो तपशील प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपर्यंत, रडार चालवणाऱ्यांपर्यंत आणि पुढील खरेदीचे निकष ठरवणाऱ्यांपर्यंत तरी मोकळेपणाने पोचतो का. स्काय शील्डच्या अहवालांची गोपनीयता शत्रूपासून होती, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात तिचा लाभ यंत्रणा विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांनाही झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जीपीएसमध्ये काही विपरीत आढळल्यास वैमानिक, नियंत्रक आणि तांत्रिक विभागांनी दहा मिनिटांच्या आत कळवावे, असा आदेश काढला. अशा नोंदींची संख्या आता वाढलेली दिसेल, आणि ती वाढलेली दिसणे हेच काही काळ चांगले लक्षण मानावे लागेल.